रालामंडलात पट्टेरी साप दिसला तर

इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्याच्या टेकडीवरून, होळकरांच्या शिकारगाहाकडून संध्याकाळी उतरताना काळसर पट्टेरी साप दिसला, की आपण लगेच मण्यार म्हणतो. पुष्कळदा तो बिनविषारी कवड्या असतो. मागे सरा आणि पट्टे कुठून सुरू होतात ते बघा. कवड्याचे पट्टे मानेपाशीच ठळक, शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारीचं उलट: मानेजवळ अंग जवळपास कोरं, मग शेपटीपर्यंत पांढऱ्या बारीक रेघांच्या जोड्या. लांबून काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तर मण्यारीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ दिसते. शंका राहिली तर मण्यारच समजा. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. चावल्याचं कळतच नाही, म्हणून मला सगळ्यात धास्ती हिचीच. चावल्याचा नुसता संशय आला तरी थेट एमवाय हॉस्पिटल गाठा.