फाईली कॉपी करण्याआधीची तयारी, आणि त्या 'डब्ल्यू'चं काय झालं

अंबाजोगाईच्या माझ्या दुकानात एक जुना डेस्कटॉप आहे, एक स्कॅनर आहे आणि लाईट गेली की नुसता टुंटुं करणारा एक यूपीएस आहे. २०२३मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हापासून लोक ट्रंकेतले कागद घेऊन येतात: मोडीतल्या पावत्या, उर्दूतली खासरा पत्रकं, फसली साल (निजामाच्या महसुलातलं वर्ष) घातलेले उतारे. मी स्कॅन करतो. मग पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेतली चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट त्या फाईली गिऱ्हाइकाच्या डिस्कवर टाकते आणि कोणती फाईल कुठून कुठं गेली ते लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलीत, लिहिते. मागच्या उन्हाळ्यात ह्या लॉगनंच तोंडघशी पाडलं. म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय.

डिस्कवर जागा आहे का, वायर घट्ट बसली आहे का, कॉम्प्युटर मध्येच झोपणार नाही ना, हे बघालच. डिस्क किंवा पेनड्राईव्ह फॅट३२ ह्या जुन्या फॉरमॅटची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसत नाही. सगळ्या स्कॅनची एकच झिप करायची सवय असेल तर तिथं अडकाल. पुढं चला.

आता मुख्य गोष्ट. पायथनमध्ये फाईल कशासाठी उघडायची ते एका इंग्रजी अक्षरानं सांगतात. लॉगची फाईल 'डब्ल्यू'नं उघडू नका, 'ए'नं उघडा. 'ए' म्हणजे अपेंड, जुन्याखाली नवं. 'डब्ल्यू' फाईल उघडताक्षणी आतलं सगळं पुसतो. एकही ओळ लिहायच्या आधी, न विचारता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं आणि तरी 'डब्ल्यू' लिहिलं होतं, कारण दर वेळी कोरा लॉग दिसायला बरा वाटायचा.

झालं असं, की रात्री १९०० फाईलींची कॉपी लावून जेवायला गेलो. लाईट गेली. तासाभरानं आली, मी येऊन तीच स्क्रिप्ट परत चालवली. स्क्रिप्ट माझ्यापेक्षा शहाणी: डिस्कवर आधीच असलेली फाईल सोडून पुढं जायची. उरलेल्या ३१२ फाईली गेल्या, लॉगमध्ये ३१२ ओळी आल्या. आधीच्या १५८८ नोंदी 'डब्ल्यू'नं खाल्ल्या. लाईट जाताना जी फाईल मध्यात अडकली होती तिचंही नाव डिस्कवर होतंच, म्हणून स्क्रिप्टनं तीही झालेली धरली. जुना लॉग असता तर कुठं तुटलं ते शेवटच्या ओळीवरून कळलं असतं. तो नव्हता. दोन महिन्यांनी फोन आला: "बाप्पा, कागद खालून निस्ता करडाच दिसायलाय की." तोवर मी माझ्याकडचे स्कॅन पुसले होते. स्कॅनर गाडीला बांधून केजच्या पलीकडं त्यांच्या गावी गेलो, उन्हात. त्यांनी चहा पाजला, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर 'ए'. नाहीतर पायथनचं लॉगिंग मॉड्यूल वापरा. त्याचा फाईलहँडलर मुळात 'ए'नंच उघडतो आणि प्रत्येक नोंदीनंतर बफर, म्हणजे लिहायचं साठून राहिलेलं, रिकामं करतो. मी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) लिहितो, कारण गिऱ्हाइकाला एक्सेलमध्ये बघायचं असतं. म्हणून प्रत्येक ओळीनंतर फ्लश आणि त्यामागून ओएस-एफसिंक स्वतः करतो, म्हणजे ओळ डिस्कवर उतरते. नुसतं राईट केलेलं मेमरीतच पडून असू शकतं आणि लाईटीसोबत जातं. 'ए' केल्यावर रकान्यांची नावं दर वेळी नव्यानं छापली जातात, म्हणून ती फाईल रिकामी असेल तरच लिहायची. एवढ्याशा कटकटीसाठी परत 'डब्ल्यू'कडं वळू नका. मी वळलो होतो. आणि लॉग गिऱ्हाइकाच्या डिस्कवर ठेवू नका. आपल्या कॉम्प्युटरवर ठेवा, शेवटी एक प्रत द्या.

लॉगमध्ये काय लिहायचं? मूळ जागा पूर्ण, नवी जागा पूर्ण. नुसतं फाईलचं नाव चालत नाही, कारण माझा स्कॅनर प्रत्येक नव्या फोल्डरात ०००१पासून मोजतो. दोन घरांचे ०००१ एकाच फोल्डरात आले तर शुटिल (पायथनचं कॉपी करणारं मॉड्यूल) दुसरा पहिल्यावर गपचूप बसवतो, एरर देत नाही. मग आकार, शा-२५६ (फाईलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे तिचा ठसा) आणि निकाल. वेळेच्या रकान्याला 'तारीख' म्हणू नका, 'कॉपीची वेळ' म्हणा. आमच्या कामात तारखा तीन असतात: कागदाची, स्कॅनची आणि कॉपीची. त्यातली कागदाची बऱ्याचदा फसली. १३५७ म्हणजे १९४७-४८, ढोबळमानानं ५९० मिळवायचे. एका गिऱ्हाइकानं कॉपीची तारीख कागदाची समजून माझ्याशी अर्धा तास वाद घातला आहे. स्कॅनची तारीख फाईलवर तशीच राहायला हवी असेल तर शुटिलचं कॉपी नाही, कॉपी२ वापरा.

फोल्डरांची नावं मराठीत असतात, कधी उर्दूत. लॉग उघडताना अक्षरं साठवायची पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८-सिग सांगा. विंडोजवर काहीच सांगितलं नाही तर स्क्रिप्ट पहिल्याच 'देशमुख वाडा'वर कोसळू शकते, आणि नुसतं यूटीएफ-८ दिलं तर एक्सेल बऱ्याचदा किडेमकोडे दाखवतं. उघडतानाच न्यूलाईन हा पर्याय रिकामा ठेवा, नाहीतर विंडोजवर एकाआड एक ओळ कोरी येते.

अर्धवट फाईलीचा बंदोबस्त असा: कॉपी आधी शेवटी '.अर्धवट' लावलेल्या नावानं करायची, पुरी झाली की ओएस-रिप्लेसनं खरं नाव द्यायचं. लॉगमध्ये आधी 'सुरू' लिहायचं, नंतर 'पूर्ण'. ज्या 'सुरू'ला 'पूर्ण' नाही ती फाईल परत करायची. पण हे सगळं लॉग टिकला तरच. म्हणजे 'ए'. फाईल डिस्कवर आहे म्हणून सोडून द्यायची अट काढून टाका. लॉगमध्ये 'पूर्ण' असेल तरच सोडा.

नुसता आकार जुळला म्हणून सुटलो असं नाही. विंडोज कॉपी सुरू करतानाच पूर्ण आकाराची जागा धरून ठेवू शकतं, मग आकार बरोबर आणि आत शून्यं. म्हणून शा-२५६, आणि तोही डिस्क काढून परत लावल्यावर डिस्कवरूनच वाचून. नाहीतर मेमरीतलीच प्रत वाचली जाते आणि सगळं छान दिसतं.

पाच फाईलींवर चालवून बघा. मध्येच कॉम्प्युटरची पिन उपटा, परत चालवा, लॉगमधल्या ओळी मोजा. जुन्या दिसल्या नाहीत तर 'डब्ल्यू' अजून कुठंतरी शिल्लक आहे. माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन जागी होता.

मग खरी कॉपी. चुकलेल्यांची वेगळी यादी काढा. हॅश जुळले की गिऱ्हाइकासमोर चार फाईली उघडून दाखवा, सही घ्या. आपल्याकडचे स्कॅन दोन महिने तरी पुसू नका. डिस्कवर चिठ्ठी लावा, वायर सोबत द्या.