लाईन जायच्या आधी सर्व्हर कसा बंद करायचा

महावितरणचा देखभाल-दुरुस्तीचा मेसेज आला की नागपुरातल्या इतवारी, सीताबर्डीतल्या माझ्या सगळ्या ऑफिसांना मी एकच सांगतो: यूपीएसच्या भरवशावर राहू नका. लाईन जायच्या तासभर आधीच आपल्या हातानं सगळं बंद करा, आणि क्रमानं करा.

जो दुसऱ्यावर अवलंबून आहे, तो आधी बंद. म्हणून सुरुवात माणसांपासून. टॅलीत कोणी एंट्री करत बसलंय का बघा, सगळ्यांना बाहेर पडायला सांगा, बॅकअप घ्या. मग व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर: आधी ॲप्लिकेशनची, नंतर डेटाबेसची, शेवटी डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारं मशीन). इथं ‘शटडाऊन’च निवडा. शेजारचं ‘पॉवर ऑफ’ म्हणजे चालू मशीनची वायर उपटणं. मेमरीतला, अजून डिस्कवर न उतरलेला डेटा त्यात जातो. त्यानंतर ही मशीन ज्यावर चालतात तो होस्ट सर्व्हर, आणि तो पूर्ण थांबल्यावरच नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कांचा डबा. मॉनिटर काळा झाला म्हणजे सर्व्हर बंद झाला असं नाही. पंख्यांचा आवाज थांबू द्या. वेळ लागतोय म्हणून बटण दाबून धरू नका, कदाचित अपडेट लागत असेल.

नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या स्विचला बहुधा शटडाऊन नसतोच, प्लग काढायचा. पण सिस्कोचा स्विच असेल तर आधी ‘राईट मेमरी’ ही सेव्ह करायची कमांड द्या. चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं. महिन्याभरापूर्वी कोणी एखाद्या पोर्टचा व्हीलॅन (नेटवर्कचा गट) बदलला आणि सेव्ह केला नाही, तर लाईन आल्यावर स्विच जुन्याच सेटिंगवर उठतो. बिलिंगचं मशीन नेटवर्कवर दिसत नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा) बंद केला की त्यावरचे कॅमेरेही जातात, चौकीदाराला आधी सांगून ठेवा. घरून व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून, काम करत असाल तर स्विच आणि फायरवॉलला हात लावू नका, तुमचाच रस्ता बंद होईल. ते जागेवरच्या माणसाकडून करून घ्या.

शेवटी यूपीएस त्याच्या बटणानं बंद करा. चालू राहिला तर लाईन गेल्यावर रिकामाच चालून बॅटरी उतरवतो.

एसीला मात्र आधी हात लावायचा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वरही जातो, बंद खोली बघता बघता तापते. सर्व्हर थांबेपर्यंत एसी चालू हवा. आणि त्या खोलीत कूलर अजिबात नको. ओलावा आणि धूळ दोन्ही आत येतात.

चालू करताना उलटं: एसी लावून खोली थंड होऊ द्या, मग यूपीएस, राऊटर, स्विच. नॅस पूर्ण उठल्यावर होस्ट, डोमेन कंट्रोलर, डेटाबेस आणि शेवटी ॲप्लिकेशन. लोकांना लॉगिन करायला सांगण्याआधी सर्व्हरचं घड्याळ बघा. डोमेनमध्ये सर्व्हर आणि कॉम्प्युटरच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.