तिकीट चुकलं आणि वर लिहिलंय ‘परतावा नाही’: आता काय करायचं?

सांगलीत नाटकाच्या प्लॅनवर, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता समोर ठेवून तिकिटं विकायच्या जागी, बसणाऱ्याला एक फोन हमखास येतो. “ताई, चुकून दुसऱ्याच प्रयोगाचं तिकीट काढलं. त्यावर नॉन-रिफंडेबल लिहिलंय. पैसे गेले का?” मी प्लॅन सांभाळते. अशा वेळी आमच्या बाजूने काय करता येतं आणि काय येत नाही, हे मला जवळून दिसतं. फोन करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पहिल्याच वाक्यात पैसे परत मागतात, नकार ऐकतात आणि फोन ठेवून देतात. खरं तर तिथून पुढे बरंच काही करण्यासारखं असतं.

‘परतावा नाही’ म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत. तारीख, खुर्ची किंवा प्रयोग बदलून देण्याचा प्रश्न वेगळा. त्याबद्दल अटींमध्ये कधी स्वतंत्र ओळ असते, कधी काहीच नसतं. जिथे काहीच नसतं तिथे निर्णय माणसाच्या हातात असतो, आणि माणसाला समजावता येतं. त्यामुळे परतावा मागू नका, बदल मागा. समोरच्याला खिशातून काही द्यावं न लागता जे करता येईल, तेच मागा.

आधी नेमकं काय चुकलं ते तपासा. तारीख किंवा वेळ चुकणं नेहमीचंच. आपल्या भागात आणखी एक घोळ होतो, तो नाट्यगृहाच्या नावाचा. बालगंधर्व मिरजेतही आहे आणि पुण्यातही. दीनानाथ सांगलीत आहे, तसं मुंबईत विलेपार्ल्यातही. बालगंधर्वांचं गाव आपल्याच जिल्ह्यातलं नागठाणे आणि दीनानाथ मंगेशकरांचं घर सांगलीचं, त्यामुळे ही नावं आपल्याला घरची वाटतात. शिवाय मोबाइलवरच्या अ‍ॅपने आपणहून पुणे शहर धरलेलं असतं. नाटकाचं नाव बरोबर, नाट्यगृहाचं नाव ओळखीचं, म्हणून माणूस पैसे भरून मोकळा होतो. पैसे भरण्याआधी शहराचं नाव मोठ्याने वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. विष्णुदास भावे नाट्यमंदिरात यायचं असेल तर तिकिटावर सांगली दिसलंच पाहिजे.

चूक कुठली ते कळलं की ती कोण दुरुस्त करू शकतं ते ओळखा. दौऱ्यावरच्या नाटकाचा प्रयोग बहुधा स्थानिक कंत्राटदार ठरलेली रक्कम देऊन निर्मात्याकडून घेतो. तिकीटविक्रीचा नफा त्याचा, तोटाही त्याचा. ऑनलाइन तिकिटांचं पोर्टल त्याच्या वतीने खुर्च्या विकतं आणि वर आपलं शुल्क घेतं. नाट्यगृह फक्त भाड्याने दिलेलं असतं. म्हणून नाट्यगृहाच्या व्यवस्थापकावर किंवा दारावरच्या पहारेकऱ्यावर ओरडून काहीही साधत नाही. त्यांच्या हातात तुमची खुर्ची नसते, ती कंत्राटदाराच्या हातात असते. त्याचा किंवा त्याच्या प्लॅनवरच्या माणसाचा नंबर नाटकाच्या जाहिरातीत छापलेला असतो.

यातूनच पुढची गोष्ट कळते. सांगलीतल्या एका तारखेवरून सांगलीतल्याच दुसऱ्या तारखेवर जायचं असेल आणि कंत्राटदार तोच असेल, तर काम सोपं. पुण्याचं तिकीट सांगलीला वळवायचं असेल, तर सांगलीच्या कंत्राटदाराला काही करता येत नाही, कारण पुण्याचे पैसे त्याच्याकडे आलेलेच नसतात. अशा वेळी नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापकाला विचारायचं. दोन्ही गावचे प्रयोग संस्था स्वतः करत असेल तर मार्ग निघतो. नसेल तर ते तिकीट पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला द्यायच्या तयारीला लागा. त्यात दिवस घालवू नका.

वेळेचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी थोडंच. चूक लक्षात आली की त्याच तासात फोन करा आणि मेसेजही टाका. सकाळी काढलेल्या तिकिटाची चूक सकाळीच कळवली, तर समोरच्याला ती खरी चूक वाटते. तेच प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी कळवलं, तर ‘यायचा कंटाळा आला असेल’ असं वाटतं. फोन प्लॅनच्या वेळेत करा, शक्यतो सुरुवातीला, गर्दी व्हायच्या आधी. पहिली घंटा व्हायच्या सुमारास खिडकीवर येऊन तारीख बदलून मागणाऱ्याला कितीही मनात असलं तरी मदत करता येत नाही. तेव्हा समोर रांग असते आणि तिसऱ्या घंटेच्या आत सगळ्यांना आत बसवायचं असतं.

फोन करण्याआधी बुकिंग क्रमांक, खुर्च्यांचे क्रमांक, बुकिंग केलेला मोबाइल नंबर, भरलेली रक्कम आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. मग लेखी मेसेज साधारण असा पाठवा:

“नमस्कार. १४ तारखेच्या रात्रीच्या प्रयोगाची दोन तिकिटं मी आज सकाळी काढली. मला १५ तारखेचा दुपारचा प्रयोग हवा होता, तारीख निवडताना चूक झाली. बुकिंग क्रमांक अमुक, खुर्च्या एफ ११ आणि एफ १२. परतावा मिळत नाही हे मला मान्य आहे. १५ तारखेला त्याच दरातल्या कुठल्याही दोन खुर्च्या देता आल्या तर कृपया द्याव्यात. दरात फरक पडला तर तो मी भरेन. आज संध्याकाळपर्यंत याच नंबरवर उपलब्ध आहे.”

यातलं ‘मान्य आहे’ हे वाक्य गाळू नका. ते वाचलं की प्लॅनवरच्या माणसाला कळतं की हा भांडायला आलेला नाही. ‘कुठल्याही दोन खुर्च्या’ म्हटल्याने त्याचं काम हलकं होतं. फरक भरायची तयारी दाखवली की कंत्राटदाराला नुकसान उरत नाही. आणि कारण खरं तेच सांगा. घरात कुणी गेलं, कुणी दवाखान्यात आहे असं खोटं सांगणारे लोक येतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरोखर ज्याच्या घरी तसं घडलेलं असतं, त्याच्यावरही मग संशय घेतला जातो.

प्लॅनवरचा मनुष्य ‘हो’ म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. ऑनलाइन विकलेली खुर्ची पोर्टलवर विकलेलीच दिसत राहते. नवीन खुर्ची बहुतेक वेळा प्लॅनच्या कागदावर हाताने लिहून दिली जाते. म्हणून नवीन खुर्च्यांचे क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, जुन्या खुर्च्या सोडल्याचंही त्यातच लिहून घ्या आणि प्रयोगाच्या दिवशी थोडं आधी येऊन चिठ्ठी घ्या. हे केलं नाही तर एकाच खुर्चीवर दोन कुटुंबं उभी राहतात, आणि त्या गडबडीत नाटकाचा पहिला प्रवेश सगळ्यांचाच जातो.

पोर्टलच्या कस्टमर केअरला फोन केला की पुष्कळदा उत्तर येतं, “आयोजकाच्या धोरणानुसार बदल शक्य नाही.” हे उत्तर शेवटचं मानू नका. पोर्टलचा माणूस आयोजकाच्या, म्हणजे इथे कंत्राटदाराच्या, संमतीशिवाय बुकिंगला हात लावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा उलट्या बाजूने जा. आधी कंत्राटदाराकडून ‘आमची हरकत नाही’ असा मेसेज मिळवा आणि त्याचा स्क्रीनशॉट पोर्टलच्या तक्रारीला जोडा. तक्रार क्रमांक मात्र एकच ठेवा. एकाच बुकिंगसाठी चॅट, ईमेल आणि सोशल मीडिया अशा तिन्हीकडे वेगवेगळं लिहिलं की तीन माणसं तीन उत्तरं देतात आणि काम अडकतं. पोर्टलचं सुविधा शुल्क परत येईल ही आशा ठेवू नका. त्यावर वाद घालण्यात वेळ गेला तर खुर्चीही हातची जाते.

मागणी करण्याआधी पोर्टलवर आसनव्यवस्थेचा नकाशा उघडून पाहा. ज्या प्रयोगाला तुम्हाला जायचंय तो अर्धा रिकामा असेल, तर बदल मागा. रिकामी राहणारी खुर्ची तुम्हाला देण्यात कंत्राटदाराचं काही जात नाही. उलट ज्या प्रयोगाचं तिकीट तुमच्याकडे आहे तोच भरत आला असेल, तर आणखी चांगलं. प्लॅनवर सांगून ठेवा, “तिकीट नसलेलं कुणी आलं तर माझ्या दोन खुर्च्या द्या.” हाऊसफुल्लच्या पाटीखाली उभे राहणारे लोक असतातच. रंगभूमी दिनाच्या, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या आसपास तर विचारूच नका. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत केलं, तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड आहे. चांगल्या प्रयोगाची दोन तिकिटं इथे वाया जात नाहीत.

स्वतः कुणाला तिकीट देणार असाल तर छापील दरातच द्या. जास्त पैसे घेणं हा काळाबाजार आहे, आणि दारावर ते लक्षात आलं तर घेणाऱ्याची पंचाईत होते. क्यूआर कोडचा फोटो सोसायटीच्या किंवा नाट्यप्रेमींच्या ग्रुपवर मुळीच टाकू नका. दारावर जो आधी दाखवेल तो आत जातो. ग्रुपवर फक्त तारीख, रांग आणि दर लिहा, आणि ज्याच्याशी ठरलं त्यालाच तिकीट पाठवा. तिकीट दुसऱ्याच्या नावे करायची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर तीच वापरा. कार्यक्रम नावानिशी प्रवेशाचा असेल तर आयोजकाला आधी विचारा.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, ही गोष्ट पूर्ण वेगळी. घाईने दुसऱ्यांदा बुकिंग करू नका. आधी अ‍ॅपमधली आपल्या बुकिंगची यादी पाहा, कारण मेसेज उशिरा येतो आणि मग हातात चार तिकिटं पडतात. तिकीट खरंच झालं नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयने विक्रेत्याला, म्हणजे इथे पोर्टलला, केलेल्या, पण पूर्ण न झालेल्या व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. इथे ‘परतावा नाही’ ही अट लागूच होत नाही, कारण तुम्ही काही विकत घेतलेलंच नसतं.

चूक आयोजकाची असेल, म्हणजे प्रयोग रद्द झाला, तारीख पुढे गेली किंवा विकलेली खुर्ची जागेवर नसलीच, तर मात्र विनंतीचा सूर सोडा आणि हक्काने पैसे मागा. ती सेवेतली त्रुटी आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार पोर्टलला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. पण तारीख आपण चुकवली असेल तर या वाटेला जाऊ नका. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं बँकेला लिहून पैसे वळते करून घेण्याचा सल्लाही कुणी देईल. ते खोटं विधान आहे, ते करू नका.

आणखी एक सांगते, कारण यात लोकांचं तिकिटापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. तिथे ठगांनी टाकलेले नंबर असतात. नंबर अ‍ॅपमधून, तिकिटावरून किंवा जाहिरातीतून घ्या. पैसे परत देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप उतरवायला सांगितलं किंवा यूपीआय पिन टाकायला लावला, तर फोन तिथेच बंद करा. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, जाण्यासाठी लागतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि बँकेला कळवा. ते झाल्यावर तिकिटाचं बघू, प्लॅनवर आम्ही आहोतच.