अमेरिकेतल्या लॉ स्कूलकडे स्कॉलरशिप वाढवून मागताना

जेडीच्या (तिथल्या कायद्याच्या पदवीच्या) प्रवेशपत्रासोबत आलेला स्कॉलरशिपचा आकडा अनेकदा वाढवून मिळतो. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्डमध्ये मात्र हा प्रयत्न वाया जाईल. तिथे मदत गुणांवर नव्हे, आर्थिक गरजेवर ठरते. अर्ली डिसिजनने अर्ज केला असेल तरीही हात बांधलेलेच, कारण जायचं तुम्ही आधीच कबूल केलेलं असतं.

आधी स्वतःचं वजन जोखा. नव्या तुकडीच्या एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी) यांचा मध्यक शाळेला दरवर्षी जाहीर करावा लागतो आणि क्रमवारीतही तो मोजला जातो. एलसॅटचा मध्यक 168 आणि तुमचे 170 असतील, तर तुम्ही शाळेला हवे आहात. दोन्ही आकडे मध्यकाखाली असतील तर फार आशा धरू नका.

दुसरा आधार म्हणजे तोडीच्या शाळेची लेखी ऑफर. क्रमवारीत बरीच खाली असलेली शाळा पूर्ण फी माफ करत असली, तरी वरच्या शाळेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तुलना करताना स्कॉलरशिप नको, हातचे किती जाणार ते मांडा. 60,000 डॉलर फीवर 30,000 मिळाले तर उरतात 30,000. 48,000 वर 22,000 मिळाले तर 26,000. म्हणजे लहान स्कॉलरशिपच स्वस्त पडली. त्यात राहण्याचा खर्च मिळवून तीन वर्षांचा हिशोब करा. फी दरवर्षी वाढू शकते, स्कॉलरशिपची रक्कम बहुधा तीच राहते.

सगळ्यात जास्त फसगत अटींमध्ये होते. ‘जीपीए 3.0 राखल्यास’ ही अट पदवीच्या सवयीने सोपी वाटते, पण पहिल्या वर्षी गुण सक्तीच्या कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, मिळतात. वर्गाची सरासरीच 3.0 च्या आसपास ठेवली जात असेल, तर निम्म्याच्या आसपास मुलं अटीखाली जाणारच, कितीही अभ्यास केला तरी. शाळेच्या संकेतस्थळावर एबीएचा (अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेचा) 509 अहवाल, म्हणजे शाळेला जाहीर करावी लागणारी माहिती, असते. सशर्त स्कॉलरशिप किती जणांना मिळाली आणि किती जणांची कमी झाली किंवा गेली, हे त्यात दिलेलं असतं. तो आकडा मोठा असेल तर रकमेआधी अट काढून टाकायला सांगा. चांगल्या शैक्षणिक स्थितीत राहणं (म्हणजे शिक्षण चालू ठेवता येईल इतके किमान गुण), एवढीच अट पुरे.

पुनर्विचाराचा अर्ज शाळेने सांगितलेल्या पद्धतीनेच करा; काहींचा वेगळा फॉर्म असतो. नसेल तर प्रवेश कार्यालयाला दीडशे-दोनशे शब्दांचा ईमेल पुरतो: आभार, याच शाळेत का यायचंय त्याचं एक खरं कारण, दुसऱ्या ऑफरची रक्कम (पत्र जोडून), आणि नेमकी मागणी. ‘थोडं वाढवता येईल का’ यापेक्षा ‘वर्षाला आणखी 8,000 मिळाले तर मी प्रवेश नक्की करीन’ याला उत्तर देणं सोपं जातं. मात्र हे वाक्य एकाच शाळेला लिहा, आणि पाळायचं असेल तरच. ऑफर फुगवून सांगू नका, पत्र मागतात.

फोनवर कबूल झालेली वाढ लेखी येईपर्यंत सीट डिपॉझिट (जागा राखून ठेवण्याची रक्कम) भरू नका. ते भरायची शेवटची तारीख बहुधा एप्रिल-मेमध्ये येते आणि तुम्हाला शाळेचं उत्तर येईपर्यंत थांबत नाही, म्हणून मुदतवाढही त्याच ईमेलमध्ये मागून ठेवा.