जास्वंदीची कटिंग जगवायची तर पाणी कमी, रेती जास्त

दरवर्षी कोणी ना कोणी माझ्याकडून गणपतीच्या लाल जास्वंदीची फांदी नेते अन् पंधरा दिवसांनी सांगते, पालवी फुटली होती पण मग एकदम वाळून गेली. बाप्पा, पालवी फुटली म्हणजे मुळं आली असं नसते! फांदीत साठलेल्या अन्नावरच ती दोन-चार पानं काढते, खाली मुळं नसली की ते संपलं अन् फांदी गेली. म्हणून कोंब दिसला की लगेच खत नका टाकू.

आपल्या नागपुरात वेळ पाहून लावा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तर हात पण लावू नका, पारा ४५ च्या वर गेला की फांदी मुळं काढायच्या आधीच सुकते. मी जुलैत दोन-तीन पाऊस चांगले झाले की लावते, ऑगस्टपर्यंत चालते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळं फार हळू येतात.

फांदी पेन्सिलीएवढी जाड पाहिजे, साल हिरवी सोडून तपकिरी व्हायला लागलेली. शेंड्याची कोवळी सडते, बुडाची जुनी लय वेळ घेते. ५-६ इंच घ्या, तीन-चार डोळे (पान फुटते त्या गाठी) असलेली. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली अन् तिरपा, वरचा सरळ, म्हणजे उलटी लावल्या जात नाही. वर दोनच पानं ठेवा अन् ती पण कात्रीनं अर्धी करा, कळी असेल तर तोडाच. ब्लेड आधी स्पिरिटनं पुसून घ्या. रूटिंग हार्मोनची (मुळं फुटायला मदत करणारी) पावडर असली तर टोकाला लावा, देशी लाल जास्वंद तिच्याशिवाय पण येते.

आता माती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते अन् तिथंच सगळं बिघडते, टोक काळं पडते, चिमटीत धरलं की साल सरकून हातात येते, आंबूस वास येतो. म्हणून अर्धी जाड रेती अन् अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कन्हानची बांधकामाची रेती चालते, फक्त पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासाला खाली भोकं पाडा, काडीनं आधी खड्डा करा मग फांदी ठेवा, दोन डोळे आत गेले पाहिजेत, बाजूनं घट्ट दाबा. वरून बिसलेरीची बूड कापलेली बाटली घाला अन् रोज थोडा वेळ झाकण उघडा. जागा सावलीतली, उजेड भरपूर. बोट घालून वरचं कोरडं लागलं तरच पाणी.

चार ते आठ आठवड्यांत ग्लासाच्या भिंतीला पांढरी मुळं दिसतात, म्हणून उपटून पाहायची गरजच नाही पडत. चांगली चार-पाच मुळं दिसली की आठ इंची कुंडीत हलवा, हप्ताभर सावलीत ठेवा, मग सकाळचं ऊन द्या.

मोठ्या फुलांच्या हायब्रीड जास्वंदी मात्र कटिंगनं रुसतात, त्यांची मुळं बरेचदा कमजोरच राहतात म्हणून नर्सरीवाले देशीवर कलम करतात. घरी करायचं तर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्याच फांदीची एक इंच साल गोल काढून ओलं मॉस अन् वर प्लास्टिक.

अन् फांदी घेताना पानांच्या बगलेत पहा, कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण आहे, त्या झाडाची फांदी नका घेऊ.