पोराचं वागणं बदललं म्हणून मेंदूचा एमआरआय काढायला निघालात? आधी हे वाचा

बारावी किंवा कॉलेजातलं पोर अचानक गप्प होतं, मित्र तुटतात, रात्रभर जागं राहतं, कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं ऐकू येतं, शेजारचे आपल्याबद्दलच कुजबुजतात असं वाटतं, आणि पुन्हा तेच म्हणतं की नाही, मला उगाच वाटत असेल. ही जी शंका अजून शिल्लक आहे ना, ती फार महत्त्वाची. पूर्ण सायकोसिसमध्ये, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं होतं त्या आजारात, माणसाची खात्री पटलेली असते, इथे अजून पटलेली नाही. डॉक्टर याला क्लिनिकल हाय रिस्क म्हणतात, म्हणजे सायकोसिस झालेला नाही पण व्हायचा धोका जास्त. आपल्याकडे गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरी कुठेही बघा, अशा वेळी घरातले अर्धे लोक देवळात कौल लावायला सांगतात आणि उरलेले म्हणतात मेंदूचा स्कॅन काढा म्हणजे एकदाचं काय ते कळेल. कौल लावायचा तर लावा, मन शांत होत असेल तर मी नाही म्हणणार नाही, पण त्यापायी डॉक्टरकडे जायला महिनोन् महिने उशीर नको. आणि स्कॅनकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधीच नीट समजून घ्या.

सरळ सांगतो, या पोराला पुढे सायकोसिस होणार की नाही हे एमआरआय बघून आज जगात कुणीच सांगू शकत नाही. रिसर्च भरपूर झालाय. २०२१ मध्ये एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटानं ३१ ठिकाणचे स्कॅन एकत्र केले, त्यात १७९२ जण रिस्कवाले आणि १३७७ निरोगी. रिस्कवाल्यांच्या मेंदूचा वरचा थर, कॉर्टेक्स, सरासरीनं किंचित पातळ निघाला, आणि ज्यांना नंतर खरंच आजार झाला त्यांच्यात काही भागांत तो आणखी पातळ होता. पण हा फरक सरासरीचा आहे. दोन शाळांच्या दहावीच्या निकालात दोन टक्क्यांचा फरक असला म्हणून समोरचा मुलगा कुठल्या शाळेतला हे त्याच्या मार्कांवरून ओळखता येत नाही, तसंच हे. शिवाय या वयात कॉर्टेक्स निरोगी पोरांचाही पातळ होतच असतो, ती वाढीचीच प्रक्रिया आहे. पेट स्कॅन या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅननं मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन मोजण्याचं कामही झालंय, पण ते रिसर्चपुरतंच. आणि हाय रिस्क ठरलेल्यांपैकी तीन वर्षांत साधारण २५ टक्क्यांनाच सायकोसिस होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा, पोरालाही सांगा.

मग डॉक्टर स्कॅन का लिहून देतात? दुसरं काही नाही ना हे बघायला. गाठ, फिट्सचा आजार, मेंदूला सूज, जुना मार, यांतूनही असंच वागणं दिसू शकतं. ताप, फिट, उलटीसकट जबर डोकेदुखी, हातापायात कमजोरी, एकदम गोंधळल्यासारखं बोलणं, डोक्याला मार, यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. आणि एन्सेफलायटिसचे, म्हणजे मेंदूच्या सुजेचे, काही प्रकार असे की एमआरआय नॉर्मल येतो तरी आजार असतो, तिथे ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासावं लागतं, म्हणून नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन घरी बसू नका.

पहिली पायरी सायकिअॅट्रिस्ट, स्कॅन सेंटर नव्हे. बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जवळच आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथली ओपीडी पकडा, नाहीतर जवळच्या जिल्हा हॉस्पिटलातून सुरुवात करा. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, काय बदललं, झोप, अभ्यास, घरात आधी कुणाला असा आजार होता का, आणि गांजा. गांजाबद्दल खरं सांगा, गोव्यात तो पोरांना मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो सायकोसिसची रिस्क वाढवतो हे पक्कं ठाऊक आहे. आईबाबांसमोर पोर बोलणार नाही, म्हणून पाच मिनिटं तुम्ही बाहेर बसा.

आता एमआरआय ठरलाच तर तयारी. घड्याळ, चेन, बेल्ट, पिना, कानातलं घरीच काढून ठेवा. पेसमेकर, कानात बसवलेलं यंत्र, जुन्या ऑपरेशनची प्लेट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला, हे टेक्निशियनला आधीच सांगायचं. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, सीटी स्कॅनमध्ये असतं. साधारण अर्धा तास अरुंद बोगद्यात हलायचं नाही आणि मशीन जोरात ठोकल्यासारखा आवाज करतं. ज्या पोराला आधीच वाटतंय की कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे त्याला हे न सांगता आत ढकललं तर काय होईल विचार करा! म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर त्या मशीनचा आवाज ऐकवा, हातात बझर असतो तो दाबला की बाहेर काढतात हे सांगा, आणि हे मशीन मनातलं वाचत नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा, लहान मुलासारखं समजावू नका. फसवून नेऊ नका, एकदा विश्वास गेला की पुढचं औषधपाणी अवघड होतं.

रिपोर्टमध्ये छोटी सिस्ट, पांढरे ठिपके असले शब्द येऊ शकतात, ते निरोगी माणसांतही सापडतात. गुगल करत रात्र काढण्यापेक्षा सीडी घेऊन आपल्या डॉक्टरकडेच जा. दर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढायची गरज नाही, लक्षणं बदलली तरच डॉक्टर सांगतील. जो कुणी नुसत्या स्कॅनवरून स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचाच एक दीर्घकाळ चालणारा आजार) ठरवतो किंवा तो नाही म्हणून हमी देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कुणी रिसर्चसाठी स्कॅन देणार का विचारलं तर माहितीपत्रक मागा, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का विचारा, स्कॅनमध्ये अचानक काही सापडलं तर कळवणार का तेही. कधीही नको म्हणता येतं आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत.

खरा फायदा होतो तो झोप सुधारणं, गांजा सोडणं, सीबीटी म्हणजे बोलण्याची थेरपी, आणि नियमित फॉलोअप यातून. या टप्प्यावर लगेच सायकोसिसच्या गोळ्या लागतातच असं नाही. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. पोर मरायचं बोलत असेल, किंवा आवाज त्याला काहीतरी करायला सांगत असतील, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच रात्री हॉस्पिटलात घेऊन जा.