मुलाखतीला व्हॉइस रेकॉर्डर नेताय? मग हे बघा

पैठणला मागावर बसलेल्या विणकराशी बोलायचं असेल तर रेकॉर्डर मागापासून लांब आणि त्यांच्या तोंडापासून हातभरावर ठेवा, नाहीतर नुसता खटखटाट येतो, आणि खाली रुमालाची घडी टाका, कपबशी ठेवली तरी धाडकन आवाज जातो. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणायची सोय नाही, म्हणून मेनूत लो कट (घरघरीसारखे खालचे आवाज कापणारं सेटिंग) असतं ते ऑन करा. फॉरमॅट एमपी३ 128 केबीपीएस भरपूर झाला, तासाला 58 एमबीच्या आसपास, स्टिरिओ वेव्हला (WAV, न दाबलेली फाईल) 600 च्या वर जातं.

व्हॉइस अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे आवाज आला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू आणि गप्प झालं की बंद, ते मात्र बंदच ठेवा! वाक्याची सुरुवात खातं ते, आणि 1948 च्या पोलीस अ‍ॅक्शनचं (निजामाच्या हैदराबादवरची भारताची कारवाई) सांगताना आजोबा मधेच गप्प होतात ना, ते गप्प होणंपण आपल्याला पाहिजे असतं.

"आजोबा, रेकॉर्ड करू का?" हे बटण दाबल्यावर परत एकदा विचारा, त्यांचं "करा की" रेकॉर्डमधेच येतं. लाल दिव्यावर जाऊ नका, काही मॉडेलात पॉजवरपण तो लुकलुकतो, स्क्रीनवर सेकंद पळतायत का ते बघा. वहीत फक्त रेकॉर्डरच्या स्क्रीनवरची वेळ टिपा, "12:40 रझाकार" एवढंच, टाइप करताना शोधाशोध वाचते. फाईल लॅपटॉपवर घेऊन वाजवून बघितल्याशिवाय रेकॉर्डरमधनं उडवू नका.